कुंथायचं नाही, बाकी चालू द्या

माझ्या इको रिपोर्टवर 'असेंडिंग एओर्टा ४.४ सेंमी' आणि होल्टरवर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) 'फ्रिक्वेंट व्हीपीसी', म्हणजे हृदयाचे वारंवार मधेच येणारे आगाऊ ठोके, असं आलं, त्या दिवशी घरच्यांनी पहिलं काम काय केलं तर माझ्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली. मग जिना बंद, मॉर्निंग वॉक बंद, भाजीची पिशवी बंद. सगळं प्रेमापोटीच, पण निम्मं चुकीचं.

एओर्टा म्हणजे महाधमनी, हृदयातून निघणारा मेन पाइप. छातीत तो साधारण ३ ते ३.५ सेंमी रुंद असतो. बीपीमुळे, वयामुळे, मारफानसारख्या आनुवंशिक आजारात रुंदावतो, किंवा जन्मापासूनच एओर्टिक व्हॉल्व्हला तीनऐवजी दोन पाकळ्या असतील तर (शंभरात एकदोघांना असतात, कित्येकांना पत्ताच नसतो). नळी जितकी रुंद तितका तोच दाब भिंतीला जास्त ताणतो, हा लाप्लासचा नियम, म्हणून ५.५ सेंमीच्या आसपास डॉक्टर ऑपरेशनचं बोलायला लागतात, मारफानमध्ये ५ लाच. तोवर ठरावीक काळाने इको किंवा सीटी. दोन रिपोर्टांत एखाद मिलिमीटरचा फरक नुसत्या मोजण्यातलाही असतो, लगेच झोप उडवून घेऊ नका.

आता चालण्याचं. चालताना किंवा सायकल आरामात मारताना बीपी वाढतं पण बेतानं, आणि रोज चालणाऱ्याचं एरवीचं बीपी उलट उतरतं, म्हणजे एओर्टाला आरामच. घात करतं ते दम कोंडून जोर लावणं. १९८५ साली कॅनडात बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून लेगप्रेस करताना बीपी मोजलं, सरासरी आलं ३२०/२५०, एकाचं तर वरचं ४८० च्या पुढे! म्हणजे अर्धी बादली हसत-बोलत नेली तर ठीक, पण भरलेला सिलिंडर 'हं' करून उचलायचा नाही, जोर-बैठका दम छाटेपर्यंत मारायच्या नाहीत, आणि संडासात कुंथायचं तर मुळीच नाही. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला सकाळी शौचाला गेला तो तिथेच कोसळला, शवविच्छेदनात महाधमनीला चीर सापडली. मी इसबगोलला तेव्हापासून हार्टचंच औषध समजतो.

ठोक्यांचं प्रकरण वेगळं. 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो ना आपण, तर तो बहुतेकदा चुकलेला नसतोच, उलट लवकर आलेला असतो, त्यानंतर थोडा जास्त गॅप पडतो, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका धप्पकन जाणवतो. दिवसाला लाखभर ठोके, त्यात थोडे असे आगाऊ निघाले तर धडधाकट माणसातही चालतं. खूपच जास्त असतील, व्यायामात वाढत असतील किंवा चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगायचंच. एट्रियल फिब्रिलेशन ही वेगळी भानगड, तिथे नाडीला तालच उरत नाही, हृदयात गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो, म्हणून बऱ्याच जणांना रक्त पातळ करायची गोळी लागते. आणि ठोके अनियमित असले की घरचं बीपी मशीनही कायच्या काय आकडे दाखवतं, तीनदा मोजून सरासरी काढा.

मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी बऱ्याचदा दोन्हींसाठी देतात, ती ठोकेही शांत करते आणि एओर्टावरचा धक्काही कमी करते. फक्त तिच्यामुळे घड्याळातला हार्टरेट फारसा वर चढत नाही, त्यामुळे जास्तीत जास्त हार्टरेट काढायचं '२२० वजा वय' हे गणित विसरा. माझं माप साधं आहे, चालताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.

छातीत किंवा पाठीत, खांद्यांच्या मधे, अचानक फाडल्यासारखी कळ आली तर मात्र थांबू नका, कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य 'माझी एओर्टा मोठी आहे'. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि आत एओर्टा फाटलेली असली तर जिवावर बेतेल.

अजून एक. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्सबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय, एओर्टा आधीच फुगलेली असेल तर दुसरा पर्याय नसेल तरच द्या म्हणून. आपल्याकडे पोट बिघडलं की लोक सिप्रो आणून मोकळे होतात. मी कोपऱ्यावरच्या केमिस्टला सांगून ठेवलंय, मी मागितली तरी देऊ नको. तो हसतो, पण देत नाही.