डिस्क गेली की कार्ड गेलं?

जुन्या लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये 'आय/ओ एरर' दिसला की बहुतेक ठिकाणी निकाल लगेच लागतो: डिस्क गेली, नवी मागवा. पण त्या ओळीचा अर्थ एवढाच, की कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मागितलेला डेटा वेळेवर किंवा धड आला नाही. तो चकतीवरून वाचताच आला नाही, की नीट वाचला गेला आणि कार्ड-केबलच्या वाटेत बिघडला, हे त्यातून कळत नाही. मदरबोर्डवरचे पोर्ट पुरेनात म्हणून डिस्क जोडायचं जादा साटा कार्ड बसवलेलं असेल, तर हे आधी शोधल्याशिवाय डिस्कला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. दोष वाटेत असेल तर नवी डिस्कही त्याच वाटेला लागते, आणि रीबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या, ताणात उरलेल्या चांगल्या डिस्कही रेडमधून (अनेक डिस्कच्या एकत्र जोडणीतून) बाहेर पडू शकतात.

आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वाचा. डिस्कच्या पृष्ठभागाचा दोष असेल तर 'यूएनसी' आणि 'मीडिया एरर' हे शब्द येतात, आणि सेक्टरचे (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे) नंबर फिरून फिरून तेच किंवा आसपासचे असतात. वाटेतला दोष असेल तर 'आयसीआरसी', 'एटीए बस एरर', 'हार्ड रिसेटिंग लिंक' अशी भाषा दिसते आणि सेक्टर कुठलेही असतात. अशा वेळी कर्नल लिंकचा, म्हणजे डिस्क आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीचा, वेग आपणहून उतरवतो: ६ गिगाबिटवरून ३, मग १.५. मात्र कार्ड कोणतं ते पाहून घ्या. सिलिकॉन इमेज ३११४ सारख्या जुन्या पीसीआय कार्डाचा मूळ वेगच १.५ आहे, तिथे तो आकडा बिघाडाचा पुरावा नव्हे. साध्या पीसीआय बसवर (कार्डांच्या सामाईक मार्गावर) सगळ्यांना मिळून सेकंदाला जेमतेम १३३ मेगाबाइट जातात, म्हणून चार डिस्कचं रीबिल्ड रखडतं तेही दुखणं नाही.

मग डिस्कचं म्हणणं ऐका. स्मार्टसीटीएल ही आज्ञा डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदींचा तक्ता दाखवते. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळी पृष्ठभागाबद्दल बोलतात: बदललेले सेक्टर, वाचायला अडलेले सेक्टर, वाचताच न आलेले सेक्टर. १९७ समोरचा आकडा चढत असेल तर डिस्क खरंच चालली आहे. १९९ वेगळा. तो डिस्क आणि कार्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या सीआरसी चुका, म्हणजे वाटेत डेटा बदलल्याचं पडताळणीत कळलं अशा वेळा, मोजतो. हा आकडा खाली येत नाही, म्हणून नुसता मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आज लिहून ठेवायचा, केबल बदलायची आणि आठवड्याने पुन्हा पाहायचा. जागचा हलला नसेल तर दुखणं केबलचं होतं.

तक्त्यात १२ नंबरही बघा, म्हणजे डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली तो आकडा. सर्व्हर बंद झालेला नसताना तो वाढत असेल तर बहुधा डिस्कही निर्दोष आणि कार्डही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा पॉवरची पिन तपासा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती घरगुती डिस्कमुळे. खराब सेक्टर आला की अशी डिस्क तो वाचायचा हट्ट धरते, कधी मिनिटाहूनही जास्त. कर्नल मात्र ३० सेकंद वाट पाहतो आणि लिंक रिसेट करतो. लॉग वाचणाऱ्याला वाटतं कार्ड लटकलं. मुळात सेक्टर गेलेला असतो. अशा वेळी १९७ पाहिल्याशिवाय कार्डावर ठपका ठेवू नये. डिस्कमध्ये सोय असेल तर स्मार्टसीटीएलच्या एससीटीईआरसी पर्यायाला ७० हा आकडा देऊन हट्टाची मर्यादा ७ सेकंदांवर आणता येते. नसेल तर कर्नलची वाट पाहण्याची मुदत १८० सेकंद करावी.

आमच्या किनाऱ्यावर वाटेचा संशय आधी घ्यावा असं मी म्हणतो, कारण खारी हवा आणि चार महिन्यांची ओल डिस्कच्या बंद पेटीपेक्षा उघड्या पिनांना आधी गाठते. देवगडात आंबा पॅकिंगच्या एका शेडमध्ये दोन डिस्क एकाच सेकंदाला रेडमधून पडल्या. "दादा, दोन्ही एकदम कशा जातील?" हिशेब सांभाळणाऱ्या मुलाने विचारलं, आणि अगदी नेमकं विचारलं. दोन्ही डिस्क त्याच एका कार्डावर होत्या, दोघींचे ५ आणि १९७ शून्य. कार्ड उपसलं तेव्हा सोनेरी पट्ट्यांवर धुरकट थर होता आणि केबलच्या क्लिपवर तांबूस गंज. अशा वेळी खोडरबर मारायची पद्धत आहे. माझा त्याला विरोध आहे, मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं. पट्ट्या पुसल्या, केबल नव्या घातल्या, आणि १९९ तिथेच थांबला.

अशा प्रसंगी लिनक्सचा रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या आज्ञेचा 'क्रिएट' चुकूनही चालवू नका, तो रेड नव्याने बांधायला घेतो. प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे रेडमधल्या बदलांची मोजणी, 'एक्झॅमिन'ने पाहा. आकडे जवळजवळ सारखे असतील तर 'असेंबल'ला 'फोर्स' जोडून रेड बहुधा उभा राहतो.

तरी संशय उरला तर डिस्क मदरबोर्डच्या पोर्टवर नव्या केबलने लावा. एरर तिच्याबरोबर आला तर डिस्क, मागे राहिला तर कार्ड किंवा जुनी केबल. डिस्कची एसडीए-एसडीबी ही नावं बदलतील, म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, हवा. एमडी रेडला, म्हणजे लिनक्सनेच बांधलेल्या रेडला, पोर्टशी देणंघेणं नाही. पण रेड कार्डाच्या स्वतःच्या बायोसमधून (कार्डावरच्या प्रोग्रॅममधून) बांधलेला असेल तर हलवलेली डिस्क सुटी दिसू शकते. तेव्हा तिच्यावर काहीही लिहू नका.

कार्डच मुळी दिसत नसेल तर प्रश्न डिस्कचा नाहीच. कार्डांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय आज्ञेत नाव नसेल तर स्लॉट तपासा. नाव आहे पण खाली ड्रायव्हर नाही, तर कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) तपासा. दोन्ही असून एकही डिस्क येत नसेल आणि कार्ड मार्व्हेलच्या ९१ मालिकेतलं असेल, तर आयओएमएमयू (कार्डांचा मेमरीतला वावर नियंत्रित करणारी सोय) बंद करून पाहा. लॉगमध्ये आयआरक्यू नंबरापुढे 'नोबडी केअर्ड' आलं तर इंटरप्टचा, म्हणजे कार्ड प्रोसेसरला देतं त्या हाकेचा, घोळ आहे, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा.

कधी डिस्क आणि वाट दोन्ही बिघडलेले असतात. तेव्हा दुरुस्तीआधी डिस्क मदरबोर्डच्या पोर्टवर घेऊन डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत काढा. कुठवर वाचलं याची नोंद असलेली त्याची मॅप फाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम थांबलं तिथूनच पुढे चालू करता येतं.