रायडरच्या रिकाम्या वेळेचं गणित

ऑर्डरमागे ४० रुपये, अर्ध्या तासात एक ऑर्डर, म्हणजे तासाला ८० रुपये. डिलिव्हरीच्या कामाचा हा हिशेब सर्रास सांगितला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. वाट पाहण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार (पक्क्या नोकरीऐवजी सुटी-सुटी कामं घेणारे) होते, २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. इतक्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून हिशेब नीट मांडायला हवा.

त्यासाठी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो: व्यवस्थेतली सरासरी संख्या = येण्याचा दर × लागणारा वेळ. एका भागात तासाला ६० ऑर्डर येतात, प्रत्येकीला अर्धा तास लागतो. म्हणजे सरासरी ३० रायडर कामात. लॉगिन ४० जणांचं असेल तर १० जण रिकामे. आता हाच नियम रिकाम्यांना लावा: १० भागिले ६०, म्हणजे दर ऑर्डरआधी १० मिनिटांची वाट. ऑर्डर पडते ४० मिनिटांना एक, कमाई तासाला ६० रुपये, पेट्रोल वेगळंच. आणखी २० जण आले की वाट ३० मिनिटांची आणि कमाई ४० रुपये. ऑर्डरमागचा मोबदला मात्र तोच!

मग ३१ रायडर पुरे नाहीत का? नाहीत, कारण ऑर्डर ठरावीक अंतराने येत नाहीत. सरासरी ६० असेल तर तासागणिक साधारण ८ चा चढउतार असतोच (६० चं वर्गमूळ). एकच सेवक असलेल्या सर्वांत साध्या रांगेत सरासरी गिऱ्हाइकं = वापर ÷ (१ − वापर); वापर म्हणजे सेवक कामात असलेल्या वेळेचं प्रमाण. वापर ८० टक्के असताना ४, ९० ला ९, ९५ ला थेट १९. सेवक वाढले की आकडे सौम्य होतात, पण शंभर टक्क्यांजवळ आलेख उभाच चढतो. एआय सगळं जुळवून देईल, हा दावा म्हणूनच पोकळ आहे. अंदाज सुधारेल, यदृच्छा संपणार नाही. जेवण वेळेवर हवं तर कुणीतरी रिकामं बसलंच पाहिजे.

रोजंदारीत तो रिकामा वेळ मालकाच्या खिशातून जातो, उक्त्या कामात मजुराच्या. जादा लॉगिनचा कंपनीला जवळपास खर्चच नाही, मग ती कशाला आवरेल? कॅलिफोर्नियात २०२० च्या सार्वमतातून आलेल्या किमान कमाईच्या हमीत फक्त ऑर्डर हाती असतानाचा वेळ मोजतात. न्यूयॉर्क शहराने मात्र २०२३ मध्ये तासाला किमान १७.९६ डॉलरचा दर लागू केला आणि तो ठरवताना वाट पाहण्याचा वेळही धरला. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी लॉगिनवर मर्यादा घातल्या.