केअरर्स अलाउन्स नाकारला, तरी केअरर्स असेसमेंट मागता येते

इंग्लंडमध्ये सासऱ्यांचं रात्रंदिवस करणाऱ्या सुनेचा केअरर्स अलाउन्सचा अर्ज नाकारला गेला, की बहुतेक वेळा ती धरून चालते की सरकारच्या हिशेबी आपण केअरर, म्हणजे घरच्या माणसाची काळजी घेणारी व्यक्ती, नाहीच. मग ती कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, फिरकतही नाही. खरं नुकसान होतं ते इथे. केअरर्स अलाउन्स आणि केअरर्स असेसमेंट (केअररला स्वतःला कसली मदत हवी याची पाहणी) या दोन्हींची कचेरी वेगळी, कायदा वेगळा आणि कसोटीही वेगळी.

अलाउन्स म्हणजे पैसे, आणि ते केंद्र सरकारचं डीडब्ल्यूपी (कामगार आणि पेन्शन) खातं देतं. २०२५-२६ साली आठवड्याला ८३.३० पौंड मिळत होते. त्यासाठी आठवड्यातले किमान ३५ तास काळजी घेण्यात जायला हवेत. ज्यांचं करता त्यांना अटेंडन्स अलाउन्स (आजारपणामुळे मदत लागणाऱ्या वयस्कर माणसाला मिळणारा भत्ता) किंवा तशाच प्रकारचा भत्ता मिळत असायला हवा. शिवाय कर वगैरे वजा जाता तुमची स्वतःची आठवड्याची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी; २०२५-२६ साली ती १९६ पौंड होती. मर्यादा एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा सगळा अलाउन्स जातो. अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांनी हे फार जपावं. पंचाहत्तरीतले आजोबा आजींचं करत असतील, तर त्यांच्या स्टेट पेन्शनमुळे सहसा हे पैसे हातात पडत नाहीत. तरी अर्ज करावा, कारण त्यातून पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारा भत्ता) वाढू शकतं.

असेसमेंट ही कौन्सिलची जबाबदारी. केअर अ‍ॅक्ट २०१४ मधलं दहावं कलम एप्रिल २०१५ पासून लागू आहे. केअररला आज किंवा पुढे मदत लागू शकते असं दिसलं, की कौन्सिलने असेसमेंट केलीच पाहिजे, असं ते सांगतं. तासांची अट नाही. उत्पन्न किंवा शिल्लक पाहून नकार देता येत नाही. एका घरात राहायलाच हवं असंही नाही. फी नाही. सासऱ्यांनी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून स्वतःची असेसमेंट साफ नाकारली, तरी तुमची होऊ शकते. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आपल्या घरांत गाडी नेमकी इथेच अडते.

असेसमेंटमध्ये विचारतात: हे सगळं करणं तुम्हाला जमतंय का, आणि यापुढे करायची तुमची तयारी आहे का? आपल्या तोंडी उत्तर तयारच असतं: ‘आमचंच माणूस आहे, करणारच ना.’ ते मनापासून असतं, पण त्याने कौन्सिलला काहीच कळत नाही. रात्री किती वेळा उठावं लागतं, उचलून उचलून कंबर कशी धरली आहे, स्वतःची डॉक्टरची वेळ किती वेळा पुढे ढकलली, नोकरीचे तास का कमी केले, हे सांगायला हवं. सासऱ्यांसमोर बसून हे बोलवत नाही, म्हणून वेगळं बोलायची वेळ मागा. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर दुभाषी मागा; नातवंडांना मध्ये बसवू नका.

पात्रता ठरते ती तुमच्या तब्येतीला धोका आहे का, किंवा घर, मुलं, नाती, नोकरी, शिक्षण, विरंगुळा यांतलं काही सुटतंय का, आणि त्याचा तुमच्या स्वास्थ्यावर मोठा परिणाम होतोय का, यावर. निर्णय काहीही असो, तो कारणांसह लेखी मिळायला हवा. पात्र ठरलात तर मदत घरकामाची असू शकते, जिमची वर्गणी असू शकते, किंवा डायरेक्ट पेमेंट म्हणून थेट पैसेही असू शकतात. हे पैसे म्हणजे अलाउन्स नव्हे.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असलेली बरी. तुम्हाला चार दिवस सुट्टी मिळावी म्हणून कुणी घरी येऊन सासऱ्यांचं करणार असेल, तर कायद्याने ती सेवा सासऱ्यांची धरली जाते. म्हणजे त्यासाठी त्यांची स्वतःची नीड्स असेसमेंट (त्यांना कसली मदत लागते याची पाहणी) लागते आणि खर्चाचा हिशेब त्यांच्या पैशांवरून होतो. त्यामुळे त्यांना राजी करता आलं तर दोन्ही असेसमेंट एकदमच मागाव्यात.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते मागता येणार नाहीत) असा शेरा असणारे तर विचारायलाच घाबरतात. केअरर्स अलाउन्स त्या पब्लिक फंड्सच्या यादीत आहे, म्हणून तो मागू नये. कौन्सिलची केअरर्स असेसमेंट त्या यादीत नाही.

जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, केअरर म्हणून नाव नोंदवलं म्हणजे असेसमेंट झाली असंही नव्हे. ती नोंद दवाखान्यापुरती. असेसमेंटसाठी कौन्सिलच्या अ‍ॅडल्ट सोशल केअर (मोठ्यांच्या देखभालीच्या) विभागाला फोन करून किंवा लिहून ‘मला केअरर्स असेसमेंट हवी आहे’ असं स्पष्ट सांगावं. ज्यांचं करता ते दुसऱ्या गावात राहत असतील, तर त्यांच्या गावच्या कौन्सिलला.