शेवटच्या घटकेचा हवाला

'वधस्तंभावरचा चोर मरता मरता तरला, म्हणजे विश्वासाचा निर्णय म्हातारपणी घेतला तरी चालतो, असं बायबलच सांगतं.' नागपुरात सदरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज दर नाताळाला फिरतो. पटावा असाच आहे, कारण प्रसंग बायबलमध्ये आहेच. निष्कर्ष मात्र मागून जोडलेला.

घरातलं मराठी बायबल काढा, लूक 23, वचनं 39 ते 43. पाचच वचनं. येशूसोबत वधस्तंभावर खिळलेले गुन्हेगार दोन. वेळ दोघांकडे सारखाच, येशूही दोघांच्या तितकाच जवळ. तरी एक टोमणेच मारत राहिला. म्हणजे मरण दिसलं की मन आपोआप वळतं, असं नाही. आणि दुसरा, जो येशूकडे वळला, त्याने येशूविषयी आधी ऐकून निर्णय टाळला होता, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

टाळण्याविषयी वाचायचं तर बायबलमध्येच 2 करिंथ 6:2 मध्ये तारणाचा दिवस 'आता' आहे, इब्री 3:15 मध्ये देवाची वाणी ऐकायची ती 'आज'. लूक 12 मधला श्रीमंत शेतकरी मोठी कोठारं बांधायचा बेत करतो, त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

उशिरा वळलेल्याला दार बंद, असाही अर्थ काढू नये. त्या एकाला सुखलोकात सोबत असण्याचा शब्द येशूने दिलाच. आणि कधी, तर तिथेही 'आज' असंच आहे.