चंदनवृक्षाचा ऱ्हास

दक्षिण भारतातील कोरड्या पानझडी जंगलांत आढळणाऱ्या चंदनाच्या (सं. श्रीखंड, मलयज, क. श्रीगंध) नैसर्गिक वृक्षसंख्येत विसाव्या शतकात झालेली घट. चंदनाचे शास्त्रीय नाव सँटॅलम आल्बम असून कुल सँटॅलेसी आहे. भारतात त्याचे नैसर्गिक क्षेत्र सु. 9,600 चौ. किमी. धरतात व त्यातील बहुतेक कर्नाटक आणि तमिळनाडूत मोडते. 1930 ते 1950 च्या दरम्यान देशातून वर्षाला सु. 4,000 टन चंदनाचे लाकूड निघत असे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शतकाच्या अखेरीस हा आकडा बराच खाली आला. अर्थात हे आकडे सरकारी आगारांत आलेल्या लाकडाचे आहेत. चोरट्या तोडीचा माल त्यांत येत नाही, म्हणून झाडे किती कमी झाली हे त्यांवरून अंदाजानेच ठरवावे लागते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने 1998 मध्ये या जातीची नोंद ‘असुरक्षित’ वर्गात केली.

मूलस्थानाचा वाद : ऱ्हासाच्या चर्चेत हा प्रश्न येतो, कारण बाहेरून आलेल्या झाडाची संख्या घटणे व मूळच्या रहिवाशाची घटणे यांना वनस्पतिशास्त्रज्ञ सारखे वजन देत नाहीत. सँटॅलम प्रजातीतील जाती ऑस्ट्रेलिया, इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे आणि पॅसिफिकमधील बेटे यांत विखुरलेल्या आहेत. भारतात एकच जात आहे. याच कारणाने सी. ई. सी. फिशर यांनी 1938 मध्ये, हे झाड तिमोर व आसपासच्या बेटांवरून भारतात आले असावे, असे प्रतिपादन केले. उलट बाजूने संस्कृत वाङ्‍मयातील उल्लेख पुढे केले जातात, पण ते जपून वापरावे लागतात. कौटिलीय अर्थशास्त्रात चंदनाचे अनेक प्रकार दिले असून त्यांत तांबडे व काळेही आहेत. तेव्हा ‘चंदन’ या शब्दाखाली रक्तचंदनासारखी अगदी वेगळ्या कुलातील लाकडेही येत असावीत. त्या मानाने कोळशाचा पुरावा अधिक बळकट वाटतो. कर्नाटकातील बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू या नवाश्मयुगीन वसाहतीत चंदनाच्या लाकडाचा कोळसा ओळखण्यात आला असून त्याचा काळ इ. स. पू. 1300 च्या सुमाराचा मानतात. यावरून झाड मूळचे येथलेच, असे सिद्ध होत नाही. ते बाहेरून आले असल्यास फार पूर्वी आले व पक्ष्यांमार्फत बीजप्रसार होऊन येथील जंगलात मिसळून गेले, एवढे मात्र म्हणता येते.

स्पाइक रोग : ऱ्हासाचे कारण म्हणून सर्वाधिक अभ्यास या रोगाचा झाला आहे. 1899 मध्ये कोडगू (कूर्ग) भागात त्याची पहिली नोंद मॅकार्थी यांनी केली. रोगट झाडाची पाने लहान, अरुंद व ताठ होतात, पेऱ्यांतील अंतर कमी होते आणि फांदी कणसासारखी दिसू लागते. फुले-फळे धरत नाहीत. लक्षणे दिसल्यापासून साधारणपणे दोन-तीन वर्षांत झाड वाळते.

रोगाच्या कारणाविषयी पहिली काही दशके मोठा मतभेद होता. चंदन हे अर्धजीवोपजीवी झाड आहे. त्याची पाने हिरवी असतात व अन्न तयार करतात, पण पाणी आणि खनिजे मिळवण्यासाठी त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषकांगांनी चिकटतात. अशी तीनशेहून अधिक आश्रयी झाडे (ज्यांच्या मुळांना चंदन चिकटते ती) नोंदवली गेली आहेत. म्हणून वणव्याने किंवा तोडीने आश्रयी झाडे मेली की चंदनाच्या रसाभिसरणाचा तोल बिघडतो आणि स्पाइक हे त्याचेच लक्षण होय, असे आर. एस. होल यांनी सुमारे 1917 मध्ये मांडले. घाणेरीचे (टणटणीचे) रान आणि रोग एकाच वेळी पसरताना दिसल्याने तिच्याकडेही बोट दाखवण्यात आले. म्हैसूर संस्थानातील कोलमन यांनी मात्र त्याच सुमारास रोगट फांदीचे कलम निरोगी झाडावर बांधून रोग संक्रमित होतो, हे दाखवले. त्यानंतर केवळ शरीरक्रियात्मक कारण सांगणे अवघड झाले. तरीही होल यांचे मत सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. चंदनाला कोणते आश्रयी झाड लाभले आहे यावर रोगाची तीव्रता अवलंबून असू शकते.

पुढे बरीच वर्षे रोग विषाणुजन्य समजला जाई. 1967 मध्ये जपानी संशोधकांनी तुतीच्या खुजेपणाच्या रोगात मायकोप्लाझ्मासदृश जीव (पेशीभित्ती नसलेले जिवाणू) दाखवले आणि त्यानंतर दोनच वर्षांत चंदनाच्या परिकाष्ठातही (अन्नरस वाहणाऱ्या ऊतकातही) तसेच जीव एकाहून अधिक प्रयोगशाळांनी पाहिले. त्यांना आता फायटोप्लाझ्मा म्हणतात. वांग्यावरील पर्णगुच्छ रोग याच जातकुळीचा आहे. अमरवेलीच्या साहाय्याने स्पाइक सदाफुलीवर नेता आला. टेट्रासायक्लीन खोडात सोडल्यास काही काळ नवी निरोगी पालवी फुटते, पण रोग उलटतो. जंगलातील झाडांवर हा उपाय परवडण्याजोगाही नाही. रोग वाहणाऱ्या कीटकाबाबत अद्याप एकमत नाही. जॅसस इंडिकस, नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स, रेडॅरॅटर बायमॅक्युलॅटस अशा तुडतुड्यांच्या व तत्सम कीटकांच्या जातींची नावे वेळोवेळी पुढे आली आहेत.

तोड व उत्खनन : स्पाइकवर एवढे लेखन झाल्यामुळे तेच प्रमुख कारण असा समज होतो. तो तपासून घ्यावा लागतो, कारण स्पाइक नसलेल्या प्रदेशांतही चंदने संपली आहेत. फिजीतील चंदन एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आणि हवाईतील 1830 च्या सुमारास व्यापाराने जवळजवळ संपवले. चिलीच्या हुआन फर्नांदेस बेटांवरील सँटॅलम फर्नांदेझिॲनम ही जात तर नष्टच झाली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ स्कॉट्सबर्ग यांनी 1908 मध्ये तिच्या अखेरच्या ज्ञात झाडाचे छायाचित्र घेतले होते.

चंदनाची तोड इतर इमारती झाडांसारखी नसते. सुगंध फक्त मध्यकाष्ठात (लाकडाच्या आतल्या गाभ्यात) असतो आणि तेलाचे प्रमाण मुळांत सर्वांत जास्त असते. म्हणून झाड बुंध्यापाशी न कापता मुळासकट खणून काढतात. चंदनाला मुळांपासून धुमारे फुटतात व जंगलात पुनरुत्पत्तीचा तो एक महत्त्वाचा मार्ग आहे. खणण्याने तोच बंद होतो. मध्यकाष्ठ धरायला साधारण दहा वर्षे व भरायला तीस किंवा अधिक वर्षे लागतात. चोरटे मात्र बुंध्याला भोक पाडून गाभा लागला की नाही एवढेच पाहतात, त्यामुळे बी देणारी जाड झाडे आधी जातात.

मालकी हक्क : म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाने 1792 च्या सुमारास चंदन राजवृक्ष (राजसत्तेच्या मालकीचे झाड) ठरवले, असे म्हणतात. ही मक्तेदारी संस्थानाने व पुढे राज्य शासनानेही चालू ठेवली. खाजगी जमिनीतील झाडदेखील सरकारचे असे. राखणीची जबाबदारी जमीनधारकाची, पण विक्री सरकारमार्फत. बांधावर उगवलेले रोप वाढू देण्यापेक्षा उपटून टाकणे शेतकऱ्याला सोयीचे ठरे, यात नवल नाही. कर्नाटकाने 2001 मध्ये व तमिळनाडूने 2002 मध्ये कायद्यात बदल करून जमीनधारकाची मालकी मान्य केली. वाहतूक व विक्रीवरील निर्बंध बऱ्याच अंशी राहिले. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तोड व ही मक्तेदारी यांचे वजन स्पाइकपेक्षा अधिक धरावे लागते. रोगाने पट्ट्यापट्ट्यांनी झाडे मारली, पण त्यांच्या जागी नवी झाडे का आली नाहीत, याचे उत्तर रोगात सापडत नाही.

इतर कारणे : साल पातळ असल्याने वणव्यात लहान झाडे तग धरत नाहीत. पाला गुरांना व शेळ्यांना आवडतो.

केरळमधील मरयूरचे राखीव चंदनवन आज देशातील चांगल्या नैसर्गिक वनांपैकी गणले जाते. तेथेही स्पाइक पोहोचला आहे. महाराष्ट्रात चंदन तुरळक आहे व त्यातील जंगली किती, लावलेले किती, हे सांगणे कठीण. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. तरी पुण्यासारख्या शहरात बंगल्यांच्या व संस्थांच्या आवारांतून रातोरात चंदनाचे झाड कापून नेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत नियमाने येतात.