पोर्टचा क्रमांक बदलून ऑफिसचा संगणक सुरक्षित होत नाही

देवगडच्या आंबा पेढीपासून मालवणच्या लॉजपर्यंत एक समज पक्का बसलाय: मुंबईहून ऑफिसचा संगणक वापरायचा तर राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवायच्या सोयीचा) पोर्ट, म्हणजे नेटवर्कचा क्रमांक असलेला दरवाजा, उघडा, आणि नेहमीच्या 3389 ऐवजी 3390 ठेवला की धोका टळला. हे साफ चूक आहे. उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर सगळे 65,535 पोर्ट चाचपू शकतात. लॉगिन सापडलं की पासवर्डांचा मारा सुरू.

राउटरवरचं ते पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणं) आजच काढा. वायरगार्ड हा व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात नेणारा कूटबद्ध खाजगी मार्ग) बसवा आणि बाहेरून फक्त यूडीपी 51820 हा पोर्ट उघडा. किल्ली न जुळणाऱ्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी चूक तीच. व्हीपीएनमधून आलेल्यालाही सगळं नेटवर्क मोकळं सोडू नका: फायरवॉलमध्ये व्हीपीएनच्या पत्त्यांकडून (उदा. 10.8.0.0/24) त्या एकाच संगणकाच्या 3389 ला परवानगी, त्याखाली बाकी सगळं बंद.

हँडशेक (व्हीपीएनच्या दोन टोकांची पहिली जुळणी) होत नसेल तर राउटरचा वॅन, म्हणजे इंटरनेटकडचा, पत्ता पाहा. तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: इंटरनेटवाला एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो, म्हणून बाहेरून तुमच्यापर्यंत पोचता येत नाही. इंटरनेटवाल्याकडे स्थिर सार्वजनिक आयपी मागा. हँडशेक होऊनही संगणक सापडेना, तर बहुधा घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे 192.168.1.0 ही एकच पत्त्यांची मालिका असणार. ऑफिसचं 192.168.47.0 करा.