लेक बिबट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती

गंगापूर रोडच्या आमच्या भागात बिबट्या दिसला अशी बातमी आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला उसंत नसते, कुणी सीसीटीव्हीचा व्हिडिओ टाकतं, कुणी मागच्या वर्षीचाच फॉरवर्ड करतं आणि संध्याकाळी सातलाच सगळ्यांच्या गॅलऱ्या बंद. नाशिकला हे तसं नवीन नाही, आजूबाजूला ऊस आहे, नदीकाठची झाडी आहे, तो त्यातनंच येतो. त्या रात्री सात वर्षांच्या लेकीच्या डोळ्याला डोळा लागेना. मी तिला कंपाउंडची भिंत, वॉचमनकाका, वन खात्याचा पिंजरा सगळं समजावलं. ती ऐकत होती, पण बघत होती माझ्या हाताकडे, कारण मी दाराची कडी तिसऱ्यांदा तपासत होते. मग हळूच म्हणाली, "आई, तू घाबरलीयेस का?"

मला एकदम 1985 साली प्रसिद्ध झालेला तो काचेच्या टेबलाचा प्रयोग आठवला. टेबलावर जाड काच, अर्ध्या भागात चौकड्यांचं कापड काचेला लागूनच आणि पुढे तेच कापड साधारण 30 सेंटीमीटर खाली, म्हणजे बाळाला वाटावं पुढे खड्डा आहे. पडायचा प्रश्नच नाही, काच आहेच, आणि पलीकडे आई उभी. वर्षाची बाळं रांगत कडेपर्यंत यायची, थांबायची आणि वर आईच्या तोंडाकडे बघायची. आईने बोलायचं नाही, फक्त चेहरा. हसऱ्या चेहऱ्याकडे बघून 19 पैकी 14 बाळं पलीकडे गेली. घाबरलेला चेहरा दिसला तेव्हा 17 पैकी एकही नाही! खड्डा तोच, काच तीच, फरक काय तो चेहऱ्याचा.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम लहान मुलांची पाळणाघरं चालवायच्या, त्यांनाही हेच दिसलं. आईजवळ असलेली मुलं बॉम्बच्या आवाजातही बऱ्यापैकी तग धरायची, आईपासून तुटलेली मुलं मात्र सुरक्षित जागी असूनही आतून हलायची. आपण भिंती आणि कॅमेरे मोजतो, मूल माणसं मोजतं.

पण सुरक्षित वाटणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं, हे रस्त्यावर कळतं. 2011 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी साधारण 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने समोरून येणारी गाडी जवळ येतेय हे नीट ओळखताच येत नाही. डोळे चांगले असतात हो, पण गाडी मोठी मोठी होत जाताना दिसणं मेंदूला पकडायला जमत नाही. शाळा सुटते तेव्हा आपल्या कॉलेज रोडला गाड्या किती जोरात जातात ते आठवा. "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणून पोराला ओरडून उपयोग नाही, गाडीचा वेग कमी व्हायला हवा, याबद्दल मला अजिबात शंका नाही.

मोठ्या मुलांचं अजून वेगळं. धोका तोलायला आणि स्वतःला आवरायला लागणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, पण मोबाईल बाराव्या-तेराव्या वर्षीच हातात येतो. माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला एकजण फोटोवरून ऑनलाईन धमकावत होता आणि पठ्ठ्याने आठ दिवस घरात सांगितलंच नाही. का, तर "सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असता". म्हणजे धमकी देणाऱ्याइतकीच भीती त्याला आमची वाटत होती, हे ऐकून पोटात तुटलं. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, नंबर मुलांना पाठ हवाच, पण पहिला नंबर आपलाच लागायला हवा ना.

लेकीला मी खरं तेच सांगितलं. "हो गं, घाबरले थोडी, म्हणून कडी बघत होते. आता बघून झाली, पक्की लागलीये." मग लाईट घालवून तिच्या शेजारी आडवी झाले. तिने माझ्या अंगावर पाय टाकला आणि विचारलं, "उद्या डब्यात काय देणारेस?"